सुईचा ताप

अणदूर
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवकन्या हिस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथं बरे आहोत आणि तुम्हीही सगळे सुखरूप असाल असं धरून लिहायला बसले आहे. फोन चार-पाच वेळा लावला. तू उचलायचा नाही असं ठरवलंयस हे समजायला तेवढे पुरे झाले, म्हणून कागद घेतला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि तुझे शाळेचे निबंध मीच तपासायची. माझं अक्षर तुला अजून लागत असेल.

तुझा दादा बरा आहे. शाळेतली शिपायाची नोकरी आणखी सहा वर्षं, मग घरी बसून माझ्या चुका काढणार म्हणतो. आईंचे गुडघे थंडीनं धरलेत, पण जीभ शाबूत आहे. यात्रेची गर्दी ओसरली, आता गाव कसं झाडून घेतल्यासारखं वाटतं.

गिरिजाच्या बारशाला आई आणि दादा येऊन गेले. मी आले नाही. तू बोलावलंही नव्हतंस, आणि न बोलावता यायचं धाडस माझ्यात नव्हतं. पंधरा वर्षांनी तुझ्या घरी पाळणा हलला, शिवकन्या. त्या दिवशी मी गावात सतरा घरं फिरले, सतराही घरांत पेढे दिले, आणि कुणी विचारलं की ‘तुम्ही नाही गेलात?’ तर म्हटलं, ड्युटी आहे.

आई परत आल्या त्या तुझं कौतुक करतच. “लेक माझी शानी हाय. दार-खिडकी बंद, बाजंखाली शेगडी, दोन टाइम ओव्याची धुरी. वाऱ्याला सुदिक शिराया जागा न्हाय!” त्या आनंदानं सांगत होत्या आणि मला बसवेना. म्हणून पहिलं ते लिहिते. ती शेगडी बाहेर काढ. लेकराला ऊब लागते हे खरं, पण ती तुझ्या अंगाची दे, टोपडं घाल, गोधडी घे. धूर नको. त्याची छाती आपल्या तळहाताएवढी असते. आपले डोळे चुरचुरतात तेवढ्या धुरात लेकराच्या फुप्फुसाची आतली नाजूक कातडी सोलून निघते, आणि मग जंतूला आत जायला वाट मोकळी होते. आपल्याकडं म्हणतात की वारं लागून छाती भरते. वारं बिचारं काही करत नाही. न्यूमोनिया जंतूंनी होतो. खोकणारं माणूस लेकराजवळ आलं, खोली कोंदट असली, धूर असला, आईचं दूध कमी पडलं, वजन कमी असलं, की त्या जंतूंचं फावतं. तुझे मालक बिरदेवभाऊजी बिडी ओढत असतील तर ओढून लगेच लेकरू घेऊ नये म्हणावं. माझं नाव सांगून म्हणू नकोस, तू तुझं म्हण.

दुसरं. तुमच्या वस्तीवरची आशा कार्यकर्ती मोनिका माझ्या ओळखीची आहे. धाराशिवला बैठकीत भेट होते. तिच्यावर रागवू नकोस, मीच खोदून विचारलं. ती म्हणाली, “ताई, तुमची नणंद दार उघडत न्हाय. आतनं म्हणते, लेकरू झोपलंय. तीनदा गेले, तिन्ही डाव झोपलेलंच.” गिरिजाला दीड महिन्याचे डोस मिळायला हवे होते, ते राहिलेत. उशीर झाला तरी सुरू करता येतात. त्यात आता न्यूमोनियाची एक लस आहे, पीसीव्ही म्हणतात तिला. न्यूमोकोकस नावाचा जंतू आहे, लहान लेकरांच्या छातीत सगळ्यात जास्त घात करणारा, त्याच्यासाठी. दुसरा एक तसाच जंतू आहे, त्याची लस पाच रोगांच्या एका सुईत येते. डांग्या खोकल्याचीही त्यातच. पुढं नऊ महिन्यांना गोवरची. गोवर येऊन गेल्यावरही लेकराची छाती भरते, हे तू वस्तीवर पाहिलं असशील.

या लसी घेतल्या म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही असं मी म्हणणार नाही. काही न्यूमोनिया विषाणूंचे असतात, त्यांना यांचा उपयोग नाही. पण लेकरू हातातून नेणारा न्यूमोनिया बहुतेक वेळा टळतो. आमच्या गावात गेली तीन वर्षं सगळ्या लेकरांना ही लस दिलीय. हिवाळ्यात सोलापूरला पळवावी लागणारी लेकरं कमी झालीत. हे मी ऐकीव सांगत नाही, पळणाऱ्यांत मीच असते.

समर्थच्या वेळी ही लस सरकारी दवाखान्यात नव्हतीच.

त्याच्याबद्दल आज लिहीत नाही. जे झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार. आज गिरिजाचं. संक्रांत झाली की तू तिला घेऊन मेंढरांच्या तळावर जाणार असं आई म्हणाल्या. उघड्यावरची थंडी आणि तीन दगडांची चूल. त्याआधी मोनिकाला दार उघड, एवढंच मागते.

हे पत्र मोनिकाच्या पत्त्यावर पाठवतेय, वस्तीवर टपाल उशिरा पोचतं म्हणून.

तुझी वहिनी,
अयोध्या


अणदूर
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

शिवकन्या,

तुझा आवाज पोचला. व्हॉट्सॲपवर अठरा सेकंदांचा. “वैनी, पत्र मिळालं. एकाला तुमच्या सुईनं नेलं. दुसरीला हात लावू देणार न्हाय. पुन्यांदा लिहू नका.” मी तो किती वेळा ऐकला ते सांगत नाही. पहिल्यांदा ऐकताना शब्द ऐकले. नंतर ऐकताना मागं गिरिजा कुरकुरत होती, ती ऐकली.

लिहू नका म्हणालीस तरी लिहिते आहे. हे वाचून मग फाड. पण वाच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की उकरून काय मिळणार. ते खोटं होतं. उकरलं तर मला काय मिळेल याची मला भीती होती.

त्या हिवाळ्यात तू आमच्याकडं होतीस. तुझा समर्थ साडेतीन महिन्यांचा. मी आशा होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. साडी नवी, पिशवी नवी, वही नवी, आणि डोक्यात प्रशिक्षणातलं सगळं ताजं. आई म्हणत होत्या, नको टोचायला. मीच हट्ट धरला, मीच तुला अंगणवाडीत नेलं. त्याला दोन-तीन दिवसांपासून थोडा खोकला होता, तो तुला आठवतो का? मला आठवतो. साध्या खोकल्यानं सुई थांबवायची नसते, त्यामुळं नेलं यात चूक नव्हती. चूक त्यानंतरची आहे.

संध्याकाळी त्याला ताप आला. आई लागल्या बोलायला. मला मात्र याचं उत्तर पाठ होतं. सुईनंतर ताप येऊ शकतो, घाबरू नये, एक-दोन दिवसांत उतरतो. मी पदर खोचून सगळ्यांना सांगितलं, “सुईचा ताप आहे.” मला किती बरं वाटलं होतं ते सांगताना! घरात पहिल्यांदा असं काही मला माहीत होतं जे आईंना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू म्हणालीस, “वैनी, ह्यो दूध ओढत न्हाय. दवाखान्यात नेऊ का?” तू वीस वर्षांची होतीस. माझ्याकडं अशी बघत होतीस की मी जे म्हणेन ते होईल. मी म्हणाले, “सुईनं लेकरं किरकिरी होतात. उद्यापर्यंत बघ कसा खेळतो.”

आई माझ्यावर चिडलेल्या होत्या, पण ताप सुईचा हे त्यांनाही पटलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर आमचं दोघींचं एकमत झालं, आणि ती गोष्ट चुकीची होती. त्यांनी त्यांचं सुरू केलं. खोली बंद, शेगडी, धुरी. मी माझं सुरू ठेवलं, धीर देणं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तू जेवायला बसली होतीस आणि तो माझ्या मांडीवर होता. कण्हत होता. मी झबलं वर केलं. श्वास घेताना त्याच्या बरगडीखाली खळगा पडत होता. प्रत्येक श्वासाला. प्रशिक्षणात आम्हाला याचं चित्र दाखवलं होतं. हे दिसलं की थांबायचं नाही, गाडी बघायची, असं सांगितलं होतं. मी दादाचं घड्याळ घेतलं आणि मोजलं. एका मिनिटात सहासष्ट. त्या वयाला पन्नासच्या वर गेले की धोका. मी परत मोजलं. अडुसष्ट.

शिवकन्या, त्या क्षणी मला समजलं की हा सुईचा ताप नाही. पहिल्या दिवसापासून नसावा. तो खोकलाच छातीत उतरला होता, आणि सुई मध्ये आली म्हणून मी तिकडं पाहिलं नाही.

मी उठले, त्याला तुझ्याजवळ दिलं आणि चुलीकडं गेले. चार भाकरी थापल्या. चार भाकरी होईपर्यंत मी कुणाशी काही बोलले नाही. मी हे शोधत होते की दोन दिवस जे मी छातीठोकपणं सांगितलं, ते आता कसं फिरवायचं. आई काय म्हणतील. तुझा दादा काय म्हणेल. गावातल्या बाया काय म्हणतील, ही आशा म्हणे. मग मी बाहेर येऊन म्हणाले, “सकाळी नेऊन आणू एकदा सोलापूरला.” असं म्हणाले, जसं बाजाराला जायचं आहे. तू म्हणालीस, “आत्ता जाऊ ना.” मी म्हणाले, “आत्ता जीप कुठली मिळायची?”

जीप मिळाली असती. नळदुर्गच्या नाक्यावर उभी असायची. मी कुणाला पाठवलंच नाही.

सकाळी आपण गेलो. तो कधी गेला ते तुला मी सांगायला नको.

कागदावर सही घ्यायला डॉक्टरांनी मला आत बोलावलं, तुला नाही. ते म्हणाले, न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंना. काल दुपारी आणलं असतं तर आशा होती. मी विचारलं, सुईमुळं झालं का? ते म्हणाले, “सुईचा काय संबंध?” एवढं बोलणं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा आई छाती पिटत होत्या. “सुईनं खाल्लं गं माझ्या नातवाला!” तू माझ्याकडं पाहिलंस. तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. आणि मला दिसलं की ते बोलले की पुढचा प्रश्न येणार: मग तुम्ही दोन दिवस का थांबवलंत? सुईवर आळ आला होता. तो तिथं राहिला तर माझ्यापर्यंत फक्त अर्धा येत होता. सुईला नेणारी म्हणून तुम्ही मला बोललात, मी मान खाली घालून ऐकलं, आणि लोकांना वाटलं की बिचारी सोसतेय.

मी सोसत नव्हते. लपले होते.

पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांचे श्वास मोजते आहे. रात्री-बेरात्री, उन्हातान्हात. गेल्या वर्षी तालुक्याला सत्कारही झाला, नारळ आणि शाल दिली. ती शाल मी आईंना दिली, थंडीचं निमित्त करून.

मोनिकानं परवा सांगितलं की तुझ्या वस्तीवर एकटी गिरिजा नाही, दोन वर्षांखालची अकरा लेकरं आहेत जी सुईला येत नाहीत. बाया म्हणतात, शिवकन्याचं पोरगं सुईनं गेलं. म्हणजे माझं न बोललेलं वाक्य परंड्याला तुझ्या वस्तीपर्यंत चालत गेलं, आणि अजून चालतंच आहे.

समर्थ सुईनं गेला नाही. तो न्यूमोनियानं गेला, आणि उशीर माझ्यामुळं झाला. तू विचारलं होतंस. तू दोनदा विचारलं होतंस. आई म्हणून तुझं काहीही चुकलं नव्हतं.

माफी मागत नाही. ती मागणं म्हणजे तुझ्या डोक्यावर आणखी एक काम देणं. माझा राग आयुष्यभर कर, त्याचा तुला हक्क आहे. पण तो माझा राग सुईवर काढू नकोस. त्याचा भार गिरिजावर पडेल.

अयोध्या


अणदूर
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय शिवकन्या,

परवा तुझ्या दारात येऊन गेले तरी बोलणं असं झालंच नाही. तू आत होतीस, मी अंगणात. म्हणून अंगणातलं तुला कळवते, आणि आमच्या घरातलंही, कारण ते सांगायला तूच लावलं होतंस.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी ती दारातच उघडली. चार ओळी. “मला एकटीला लिहून तुम्ही मोकळ्या झालात. आईला सांगा. इथं येऊन वस्तीसमोर सांगा. मग गिरिजाचं बघू.” पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. वाटलं, एवढं लिहिलं ते पुरे नाही का? मग दिवसभर कामं करताना कळत गेलं की तुझं बरोबर आहे. मी तुझ्या पदरात टाकून हात झटकले होते.

आईंना सांगितलं ते ओसरीवर, त्या ज्वारी निवडत होत्या. मी सांगत गेले, त्या निवडत गेल्या. सगळं झाल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पडल्या. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तुझ्या दादालाही त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, “माझंच घड्याळ व्हतं ना?” आणि शाळेत गेला. अजून त्यावर आमचं बोलणं व्हायचं आहे. होईल.

तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या. म्हणाल्या, “शेगडी म्या पेटवली हुती. दार म्या लावलं हुतं. तू दवाखाना म्हणली आसतीस तरी म्या जाऊ दिलं आसतं का, कुणास ठावं.” मी काही बोलणार तोच बोट वर केलं. “पण तू म्हणायला पायजेल हुतंस.” मग चहा मागितला. साखर कमी झाली म्हणून बोलल्याही. मला फार बरं वाटलं ते बोलणं.

परवा सकाळी तुळजापूर, बार्शी करत परंड्याला उतरले. मोनिका स्कूटी घेऊन आली होती, वस्तीवर नर्सबाई लसींचा डबा घेऊन आधीच पोचल्या होत्या. तुझ्या सासूबाई, इरम्मा मावशी, दारातच उभ्या. “या, सुईवाल्या बाई! नातवाला टोचून झालं, आता नातीला टोचाया आलाव व्हय?” बाया हसल्या. हसणं वाईट नव्हतं, पण एकही उठून माझ्यासाठी सरकली नाही. मी म्हणाले, “मावशी, टोचायला नाही आले. सांगायला आले. बसून ऐकता का उभ्यानं?” त्या म्हणाल्या, “उभ्यानंच. बसले की गुडगं धरत्यात.”

मग मीही उभ्यानंच सांगितलं. तुला आतून किती ऐकू आलं माहीत नाही, म्हणून लिहिते, मी काही गाळलं नाही. दोन दिवस थांबवलं तेही, मोजलेले आकडे तेही, जीप मिळाली असती तेही. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक तरणी बाई होती, कडेवर पोर घेतलेली. तिनं विचारलं, “मंग पोरगं सुईनं न्हाय गेलं?” मी म्हणाले, “न्हाय. छाती भरून गेलं. माझ्यामुळं उशीर झाला.”

इरम्मा मावशी तशाच चालत मेंढरांच्या कुंपणापर्यंत गेल्या, परत आल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “आन् आमी पंधरा वरसं सुनंला बोललो त्येचं काय? तुज्या माहेरानं टोचून मारलं म्हून रोज बोललो. त्येचं काय, बाई?”

शिवकन्या, हे मला माहीत नव्हतं. मी इतक्या वर्षांत माझ्या अपराधाचे सगळे कोपरे मोजले असं समजत होते, आणि हा कोपरा मला दिसलाच नव्हता. तुझं मूल गेलं आणि वर तूच ऐकून घेत राहिलीस, माझ्या वाट्याचं.

तेवढ्यात बिरदेवभाऊजी बोलले. ते तळावरून मुद्दाम आले होते हे मला नंतर मोनिकानं सांगितलं. ते खाली बसून काडीनं मातीत रेघा मारत होते. म्हणाले, “आये, दिवाळीच्या आधी मेंढरं टोचली तवा धरली कुनी?”

“म्याच धरली. दुसरं कोन हुतं?”

“दोनशे टोचली. एक तरी मेलं?”

“आरं, मेंढरू आन् मानूस एक व्हय रं?”

“न्हाय की. म्हून तर आधी लेकराचं बघाया पायजेल हुतं.”

त्यावर ती तरणी बाई फस्सकन हसली आणि मावशींनी तिला डोळे वटारले. मग भाऊजी मला म्हणाले, “कोकराची छाती भरली की त्येची कूस उडती. कळपात दोनशे आसली तरी मला लांबून दिसतं. लेकराचं तसंच का?” मी म्हणाले, अगदी तसंच. पोट उघडं करून, लेकरू शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढं चाळीस. तेवढे झाले की दवाखाना. आणि बरगडीखाली खळगा पडत असेल तर मोजत बसायचंच नाही. त्यांनी ते आकडे एकदाच ऐकले आणि बायांना परत सांगितले, माझ्यापेक्षा चांगले. कोकरांच्या भाषेत. त्यांना लगेच समजलं.

आणि मग तू बाहेर आलीस.

गिरिजाला मी पहिल्यांदा पाहिलं. कपाळ तुझं आहे. तू माझ्या समोरून गेलीस, नर्सबाईंपुढं बसलीस आणि म्हणालीस, “आत्या, हिचे पाय धरा.” मावशींना म्हणालीस, मला नाही. मी एक पाऊल पुढं आले होते, ते मागं घेतलं. बरोबरच केलंस. मावशींनी पाय धरले, भाऊजींनी तोंड फिरवलं, आणि दोन्ही मांड्यांत एकेक, दंडावर एक. काय ओरडली! असा खणखणीत आवाज छाती साफ असल्याशिवाय निघत नाही, असं मी मनात म्हटलं आणि डोळे पुसले.

तू आत गेल्यावर त्या तरण्या बाईनं पोर पुढं केलं. मग आणखी. अकरांपैकी आठ झाली. तीन राहिली, एकीचा नवरा नको म्हणतो, दोघी भावकीच्या लग्नाला गेल्यात. मोनिका पुढच्या महिन्यात परत जाईल. शेगडी तुझ्या दाराबाहेर होती, राख थंड झालेली. ते मी पाहिलं. विचारलं नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र.

परतताना बार्शीच्या स्टँडवर बसले होते तेव्हा तुझा फोन आला. नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा मला वाटलं चुकून लागला असेल. तू नमस्कार-चमत्कार काही केला नाहीस. “वैनी, अंग गरम लागतंय हिचं.”

ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेच. सुईचा ताप आहे, घाबरू नको. बहुतेक खरंही होतं ते या वेळी. पण मी ते बोलू शकले नाही, आणि बोलायचंही नव्हतं. मी म्हणाले, “दूध पितेय का?” “पितेय.” “झबलं वर कर. खळगा पडतोय?” “न्हाय.” “मग मोज. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, तू मोज. मी घड्याळ बघते, सुरू कर म्हटलं की सुरू कर.”

तू मोजलंस. मोठ्यानं. एसट्या येत-जात होत्या, कंडक्टर ओरडत होते, आणि मी एक कान बोटानं बंद करून तुझा आवाज ऐकत होते. एकवीस, बावीस. मध्ये तू थांबलीस तेव्हा मी फोन कानाला आणखी दाबून धरला. ती नुसती शिंकली होती. आपण पहिल्यापासून परत मोजलं. चव्वेचाळीस. तू म्हणालीस, “चव्वेचाळीस.” मी म्हणाले, “चव्वेचाळीस.” त्यानंतरही तू फोन ठेवला नाहीस. माझी गाडी लागेपर्यंत ठेवला नाहीस.

काल सकाळी ताप उतरल्याचा तुझा निरोप मोनिकाकडून आला. आई देवापुढं साखर ठेवून आल्या.

पुढचा डोस चार आठवड्यांनी आहे, तारीख नर्सबाईंनी कार्डावर लिहिलीय. नऊ महिन्यांना आणखी एक. तळावर गेलीस तरी कार्ड बरोबर ठेव. जिथं असशील तिथल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. दर वेळी कदाचित थोडा ताप येईल. दर वेळी मोज. आकडा पन्नासला पोचला, ती दूध सोडून देऊ लागली, झोपेतून उठेनाशी झाली, तर मला विचारायला थांबू नकोस, कुणालाच विचारायला थांबू नकोस. गाडी कर आणि जा. तेव्हा तुला जे वाटलं होतं ते बरोबर होतं. पुढंही तुला वाटेल तेच बरोबर धर.

आणि आकडा कमी असला, नुसतंच कुणी पलीकडं असावं असं वाटलं, तर लाव फोन. दिवस असो, रात्र असो.

समर्थची मामी,
अयोध्या

गिरिजाची मामी व्हायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे. घाई नाही.